दाखल्यावरचं कारण

आज गोष्ट अमेरिकेच्या फौजेची. तिथं निदान सहा वर्षं नोकरी झालेल्याला फौजेनंच घरी पाठवलं, तर एकरकमी पैसे मिळतात. पण दाखल्यावर काढण्याचं कारण लिहिलेलं असतं, खुणेच्या अक्षरांत. रक्कम पूर्ण की निम्मी, ते त्यावर ठरतं.

रिचर्ड कॉलिन्स वायुदलात नऊ वर्षं होता. २००६ साली त्याला काढलं. कामात खोट नव्हती, दाखलाही सन्मानाचाच. पण त्याचं प्रेम पुरुषावर होतं, आणि तसं उघड झालं की फौजेत ठेवायचं नाही, असा तेव्हा नियम. म्हणून पैसे निम्मेच! सन्मानानं सोडलं म्हणायचं आणि वर कात्री लावायची, हे काही मला पटत नाही.

२०१० मध्ये तो आपल्यासारख्या सगळ्यांच्या वतीनं कोर्टात गेला. २०११ ला तो नियमच गेला, तरी कापलेले पैसे काही आपोआप परत आले नाहीत. जानेवारी २०१३ मध्ये तडजोड झाली. १८१ जणांसाठी मिळून सुमारे २४ लाख डॉलर.

मात्र दाव्याची मुदत सहा वर्षांची. १० नोव्हेंबर २००४ च्या आधी ज्यांना काढलं, त्यांना त्यातलं काही मिळालं नाही.