मुंबईतला मुक्काम : ताजपासून धर्मशाळेपर्यंत

जठारपेठेतून आम्ही बोलतो आहोत.

बचत गटांच्या प्रदर्शनासाठी आम्ही पापड, मसाले घेऊन मुंबईला गेलो होतो. एका सकाळी स्टॉल उघडण्याआधी गेटवे ऑफ इंडिया पाहायला गेलो. समोरच ताजमहाल हॉटेल. आमच्यातल्या सगळ्यात वडीलधाऱ्या काकूंनी हळूच विचारलं, "काहो ताई, अठी आपल्याले राहू देतीन काय?"

प्रश्न साधा होता, पण आम्हाला लगेच उत्तर देता आलं नाही. घरी आल्यावर वाचलं, विचारलं. तेच आज सांगतो.

ताजच्या आधी मुंबईत काळा घोडा भागात वॉटसन हॉटेलचा मोठा थाट होता. त्याचा लोखंडी सांगाडा इंग्लंडहून जहाजानं आणला होता. ७ जुलै १८९६ रोजी भारतातला पहिला सिनेमा तिथंच दाखवला गेला. पण ते हॉटेल होतं युरोपीय पाहुण्यांसाठी. जमशेटजी टाटांना तिथं अडवलं, म्हणून त्यांनी ताज बांधलं, अशी गोष्ट सांगतात; तिला पक्का पुरावा मात्र नाही.

ताज सुरू झालं १६ डिसेंबर १९०३ रोजी. तेव्हा समोर गेटवे नव्हता, तो १९२४ साली खुला झाला. जमशेटजी मोठे झाले ते कापसाच्या गिरण्यांवर. १८७७ साली त्यांनी नागपूरला एम्प्रेस मिल काढली, कारण कापूस आपल्या भागात पिकतो. हे ऐकून काकू हसल्या, "म्हंजे आपला कापूस आपल्या आधी अठी पोचला!"

कापूस पोचला, पण तो वेचणाऱ्या बाया कुठं मुक्काम करायच्या? त्यांच्यासाठी होत्या धर्मशाळा, आणि तिथंही जात आडवी यायची. आपल्या अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे गाडगेबाबा हे जाणून होते. स्वतः झाडू घेऊन, खापरात भाकर खाऊन त्यांनी लोकवर्गणीतून पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदी इथं धर्मशाळा उभ्या केल्या. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या संस्थेला दिली. मुंबईत दादरला आजही गाडगे महाराजांच्या नावानं धर्मशाळा आहे. कॅन्सरच्या उपचाराला आलेले गरीब रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक तिथं राहतात.

काकूंच्या प्रश्नाचं उत्तर २६ जानेवारी १९५० रोजी अमलात आलेल्या संविधानात आहे. कलम १५ सांगतं की धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान एवढ्या कारणावरून कोणाही नागरिकाला दुकान, उपाहारगृह, हॉटेल यांत जायला अडवता येणार नाही. त्यात हॉटेलचा उल्लेख स्पष्ट आहे. म्हणजे काकू, दार आपल्यालाही उघडं आहे. अडतं ते खोलीच्या भाड्यापाशी.

ताजची खोली आज नाही परवडत, हरकत नाही. पण दाराला आतून कडी, उजेड, पाणी आणि स्वच्छ संडास ही काही चैन नाही. मैत्रिणींनो, प्रदर्शनाला जायच्या आधी मुक्कामाची सोय काय, हे आयोजकांना लेखी विचारा. "बायाच त, कुठंही पडून रायतीन," असं कोणी म्हणालं, तर गप्प बसू नका. आम्हीही आता बसत नाही.