सातपुडा फाउंडेशन

मध्य भारतातील वाघ, त्यांचे अधिवास व जंगलकाठची गावे यांसाठी काम करणारी स्वयंसेवी संस्था. स्थापना २००१. संस्थापक किशोर रिठे हे अमरावतीचे वन्यजीव कार्यकर्ते. ते राष्ट्रीय वन्यजीव मंडळाचे सदस्य होते आणि पुढे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे संचालक झाले. मेळघाट, पेंच, ताडोबा, कान्हा इ. व्याघ्र प्रकल्पांभोवतीची गावे हे संस्थेचे कार्यक्षेत्र. ब्रिटनमधील बॉर्न फ्री फाउंडेशनचा तिला पाठिंबा लाभला.

संस्थेचा भर वाघापेक्षा त्याच्या शेजाऱ्यावर अधिक आहे, आणि तो योग्यच म्हणावा लागेल. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले वेचायला सोपे जावे म्हणून झाडाखालचा पालापाचोळा पेटवतात. त्यातून वणवा पसरतो. चुलीचे सरपण जंगलातून येते. रानडुकरासाठी लावलेल्या तारेच्या फासात वाघही अडकतो. यांतले काहीच नुसत्या पहाऱ्याने थांबत नाही. म्हणून गावसभा, शाळांतून निसर्गशिक्षण, आरोग्य शिबिरे आणि तरुणांना रोजगाराची वाट दाखवणे, असे कामाचे स्वरूप राहिले. गोंड, कोरकू तरुणांना गाईड म्हणून किंवा पर्यटन-निवासांत काम मिळाले, की जंगल राखण्यात त्यांचा स्वतःचा फायदा असतो.

ही पद्धत प्रकल्पाच्या प्रवेशद्वारापाशी चांगली चालते. दोन प्रकल्पांच्या मधल्या पट्ट्यात मात्र सफारीची जिप्सी नाही, पर्यटक नाही, आणि वाघाला जायचे असते ते याच पट्ट्यातून. पेंच व सातपुडा प्रकल्पांना जोडणारा भ्रमणमार्ग छिंदवाडा जिल्ह्यातून जातो. अशा पर्यटन नसलेल्या भागाचे उदाहरण म्हणजे मराठीभाषक पांढुर्णा आणि सौंसर; हे तालुके २०२३ पर्यंत याच जिल्ह्यात होते. आता पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा आहे. पांढुर्ण्याशेजारच्या, जाम नदीकाठच्या सावरगावचे नाव बाहेर कळते ते गोटमारीमुळे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नदीपात्रात पळसाचे झाड रोवून त्यावर झेंडा लावतात आणि तो मिळवण्यासाठी पांढुर्णा व सावरगाव यांच्यात दगडफेक होते. येथल्या तरुणाची मिळकत संत्र्याच्या बागा, सौंसरजवळच्या बोरगावचे कारखाने किंवा नागपूर यांवर ठरते; सफारीचा त्यात वाटा नाही. अशा गावांत निसर्गशिक्षणाला रोजगाराची जोड द्यायची तर ती शेती व रोपवाटिकेतून द्यावी लागेल.