भोकाचा पैसा

दिवाळी जवळ आली की आमच्या घरी माळा झाडला जातो. इतिहासाचे पंडित ज्याला उत्खनन म्हणतात, ते आमच्याकडे वर्षातून एकदा केरसुणीने होते. गेल्या खेपेस माझ्या आजीची, म्हणजे आईच्या आईची, पत्र्याची पेटी खाली आली. पेटीत लुगड्याचा विरलेला तुकडा, अडकित्ता, चुन्याची डबी, आणि काळ्या करगोट्याच्या तुकड्यात ओवलेली एक तांबूस चकती. माझ्या धाकटीने ती उचलली आणि म्हणाली, "बाबा, नळाचा वायसर पेटीत कसा आला?"

तो वायसर नव्हता. तो पैसा होता, १९४३ सालचा. त्यावर राजमुकुट आहे, साल आहे; पण राजाचा चेहरा असायचा तिथे आरपार भोक आहे. लढाईसाठी धातू हवा होता, आणि लोक चिल्लर दाबून बसले होते. म्हणून सरकारने पैशाचे पोट कापून धातू वाचवला. चार पैशांचा आणा, सोळा आण्यांचा रुपया. म्हणजे रुपयाला असली चौसष्ट भोके. पोरांनी ती करगोट्यात ओवली, आणि काही हिकमती लोकांनी खरोखरच वायसर म्हणून वापरली. माझी लेक काही फार चुकली नव्हती.

वाचकहो, मी इतिहाससंशोधक नव्हे. मॅट्रिकवर मास्तरकी धरलेला माणूस. रात्री कादंबऱ्या लिहितो, म्हणजे खोटे बोलण्याची सवय आहे. म्हणूनच या लेखात मी जपून बोलणार आहे. या पैशाला एक दिवस चिकटलेला आहे, आणि तो दिवस आजीने मला इतक्यांदा सांगितला की पुढे मी तो पुस्तकांतही हुडकला. शुक्रवार, १४ एप्रिल १९४४.

आमचे वालीव आता कारखान्यांचे गाव झाले आहे. गाळ्यांना गाळे लागलेत, भोंगे वाजतात, रस्त्यावर टेम्पोंची रांग असते. जिल्हाही २०१४ पासून पालघर झाला. त्या वेळी ठाणे जिल्ह्यातले हे भाताचे खेडे. वसईची नावाजलेली बागायत, केळी, पानवेली, फुले, सुकेळी, ती सगळी रेल्वेच्या पश्चिमेला. आम्ही पूर्वेकडची माणसे. आमच्याकडे भात, गवत आणि पाठीशी तुंगारेश्वराचा डोंगर. डोंगरात लाकूड, लाकडाचा कोळसा. लढाईत पेट्रोलवर रेशन आले तेव्हा मोटारी कोळशाच्या गॅसवर धावू लागल्या. पाठीवर बंबाएवढी भट्टी घेऊन चढाला धापा टाकणारी ती बस आजीने पाहिली होती. ती म्हणे, "आपलाच कोलसा खाऊन आपल्याच तोंडावर धूर सोरी."

त्या वेळी आजी असेल बारा वर्षांची. युद्ध म्हणजे काय, हे तिला तीन गोष्टींवरून कळले: तांदूळ, कापड आणि घड्याळ.

घड्याळाचे आधी सांगतो, कारण आता ते कुणाला आठवत नाही. १ सप्टेंबर १९४२ पासून सरकारने देशाचे घड्याळ एक तास पुढे केले, ते ऑक्टोबर १९४५ पर्यंत. गावात त्यामुळे दोन वेळा नांदू लागल्या. गाडी 'नव्या टायमा'ने सुटे, आणि गाय जुन्या टायमाने दूध देई. दोन्हींचा मेळ घालताना लोकांच्या गाड्या चुकत.

तांदळाची गोष्ट मात्र हसण्यासारखी नव्हती. मार्च १९४२ मध्ये जपान्यांनी रंगून घेतले आणि ब्रह्मदेशातून दरसाल येणारा लाखो टन तांदूळ एकाएकी बंद झाला. मुंबईचे पोट त्या तांदळावरही चालत असे. पुढच्या साली बंगालात काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे. तीसेक लाख माणसे मेली, आणि कलकत्त्यात १९४२ च्या आरंभी सहा रुपये मणाने मिळणारा तांदूळ तिशीच्या वर गेला. मुंबईने मे १९४३ मध्ये रेशनिंग आणले आणि तो प्रसंग टाळला. एवढे श्रेय त्या कारभाराला द्यावेच लागते. पण दर माणशी मोजून मिळणारे धान्य अंगमेहनत करणाऱ्याला पुरत नाही, हे तराजूला कळत नाही. ऑगस्ट १९३९ चे घाऊक भाव शंभर धरले तर १९४३-४४ साली ते दोनशे छत्तीसवर गेले होते. हा सरकारी आकडा, म्हणजे सरकारी भावांचा. काळ्याबाजाराचा आकडा कुणी छापत नसे. 'काळाबाजार' हा शब्द आजीच्या तोंडी त्याच दिवसांत बसला, 'रेशन' आणि 'कंट्रोल' यांच्या जोडीने. जून १९४३ मध्ये कापडावरही कंट्रोल आला. रुपयातली चांदी १९४० सालीच निम्म्यावर आणली होती, आणि एक रुपयाची कागदी नोट निघाली होती. पणजोबा ती नोट घेताना उलटीसुलटी करून पाहत, पण जुना चांदीचा रुपया हाताला लागला की काही न बोलता जमिनीत पुरत.

घरात खाणारी तोंडे सात. म्हणून पणजीचा धाकटा भाऊ, आजीचा मामा, मुंबईला गोदीत हमालीला गेला. वसई रोडपर्यंत चालत जायचे आणि तिथून विजेची गाडी. ती विरारपर्यंत १९३६ मध्येच आली होती. तो मुंबईतच गाववाल्यांच्या खोलीत राही आणि शनिवारी रात्री वालीवला येई. हातात कधी गुळाचा खडा, कधी काड्याची पेटी. रिकाम्या हाताने आला तर सिनेमाची गोष्ट घेऊन येई.

गावाची करमणूक म्हणजे भजन, जत्रा आणि वारल्यांचा तारपा. सिनेमा मुंबईत. मामा तो पाही आणि गाव तो ऐके. १९४३ साली आलेल्या 'किस्मत'ने सगळा देश वेडा केला होता. कलकत्त्याच्या रॉक्सीत तो तीन वर्षांवर चालला. नायक खिसेकापू आणि तरीही चांगला, हे मामाने अंगणात सांगितले तेव्हा पणजोबांना मुळीच पटले नव्हते म्हणे. त्यातल्या एका गाण्यात परक्यांना हाकलण्याची भाषा आहे. नावे घेतली जर्मन-जपान्यांची, म्हणून ते सेन्सॉरच्या हातून सुटले. पण थेटरात टाळ्या कोणत्या परक्यासाठी पडत ते सर्वांना कळत असे. शांतारामबापूंची 'शकुंतला' तर मुंबईच्या स्वस्तिकमध्ये शंभरावर आठवडे चालली. फिल्मही त्या काळी लढाईचा माल झाली होती. कोणताही सिनेमा अकरा हजार फुटांहून लांब नको, असा हुकूम, आणि मुख्य चित्राआधी सरकारी युद्धवार्ता पाहणे सक्तीचे. मामा त्यातली विमाने हात पसरून दाखवी. पोरांना किस्मतपेक्षा तीच आवडत.

तो शेवटचा आला तेव्हा त्याने आजीला नवा भोकाचा पैसा दिला आणि स्वतःच करगोट्यात ओवला.

१४ एप्रिल. हनुमानजयंती होऊन गेली होती. पश्चिमेकडच्या ख्रिस्ती गावांत ईस्टर होऊन पाच दिवस झाले होते. गावात कुणाकडे वर्तमानपत्र आलेच तर कागदाच्या टंचाईने पानांची संख्या घटलेली. बातम्यांत कोहिमा आणि इम्फाळ. जपानी फौज हिंदुस्थानच्या हद्दीत आली होती. महात्माजी पुण्यात आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध. कस्तुरबांना तिथेच जाऊन दोन महिने होत आले होते. त्याच शुक्रवारी तिकडे मणिपुरात मोइरांगला आझाद हिंद फौजेने तिरंगा उभारला, पण ती बातमी इथे कोण पोचवणार?

आजी अंगणात वाळवण राखत बसली होती. तिसरा प्रहर. एकाएकी जमिनीतून धक्का आल्यासारखे झाले आणि मागोमाग आवाज. ती म्हणे, "मना वाटला, तुंगार परला." डोंगर मात्र जागेवर होता. कावळे उडाले, कुत्री ओरडली. पुन्हा सगळे शांत झाले, बायका वाळवणाकडे वळल्या, आणि घटकाभराने दुसरा धक्का. तो पहिल्याहून मोठा.

मी पूर्वी समजत असे की आजीने हे नंतर रचले असावे. वालीव ते मुंबईची गोदी, सरळ रेषेत पन्नास किलोमीटर. मग वाचले की तो आवाज ऐंशी किलोमीटरपर्यंत ऐकू गेला होता, आणि सतराशे किलोमीटरवरच्या सिमल्याच्या यंत्रांत जमीन हलल्याची नोंद झाली होती. आजीच्या स्मृतीभ्रंशाविषयी केलेला विनोद मी तेव्हा मनातल्या मनात मागे घेतला.

घडले होते ते असे. 'फोर्ट स्टिकिन' नावाचे सात हजार टनी जहाज इंग्लंडातल्या बर्कनहेडहून निघून कराचीमार्गे १२ एप्रिलला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत लागले. पोटात सुमारे चौदाशे टन दारूगोळा. कराचीत त्यावर कापसाच्या साडेआठ हजारांवर गासड्या, तेलाची पिंपे, लाकूड, भंगार आणि मासळीचे खत चढवले. सोन्याच्या १२४ विटाही होत्या, एक कोटीवर रुपयांच्या. चुलीशेजारी घासलेटाचा डबा ठेवू नये, हे आमच्या खेड्यातल्या कुठल्याही सुनेला कळते. धोक्याच्या मालाचा लाल बावटाही जहाजावर नव्हता. १४ तारखेला दुपारी दोन नंबरच्या फाळक्यातून धूर दिसला. बंबवाल्यांनी नऊशे टनांवर पाणी ओतले. आग कुठे आहे ते सापडेना; आतले पाणी उकळू लागले. ३ वाजून ५० मिनिटांनी जहाज सोडण्याचा हुकूम झाला. ४ वाजून ६ मिनिटांनी पहिला स्फोट. अर्ध्या तासाच्या आत दुसरा.

'जलपद्म' नावाचे आगबोटीचे धूड पाण्यातून उचलून धक्क्यावर फेकले गेले. डझनभर जहाजे गेली. पेटता कापूस आभाळातून वस्त्यांवर पडला. सोन्याची एक वीट मैलभर दूर एका पारशी गृहस्थाच्या घराचे छप्पर फोडून आत आली आणि त्या भल्या माणसाने ती परत केली. ऐंशी हजारांच्या आसपास माणसे बेघर झाली. आग विझवायला तीन दिवस लागले. पाच लाख टन राडारोडा उपसायला आठ हजार माणसांना सात महिने. आणि गोदामांतले धान्य जळाले, पन्नास हजार टनांच्या वर. रेशनवर तोळामासा मोजून दिला जाणारा तांदूळही त्यात होता. लोकांनी ती गोष्ट मेलेल्या माणसांइतकीच हळू आवाजात सांगितली म्हणतात.

वसई रोडला त्या रात्री गाडीतून उतरलेली माणसे म्हणत होती, जपानी आले. कुणी म्हणे विमाने पाहिली. नेमके कुणालाच ठाऊक नव्हते, आणि ठाऊक होऊ नये अशी व्यवस्थाही होती. या अपघाताची बातमी जगाला प्रथम दिली ती दुसऱ्या दिवशी, जपान्यांच्या ताब्यातल्या सायगाव रेडिओने! इथल्या वार्ताहरांना बाहेर बातमी धाडायची परवानगी मिळाली मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात. स्वतःच्या शहरात काय झाले ते शत्रूच्या रेडिओवरून ऐकायचे; लढाईच्या दिवसांतली ही सर्वांत विलक्षण गोष्ट मला वाटते. शत्रूला कळू नये म्हणून झाकली म्हणावे, तर शत्रूलाच आधी कळली होती.

शनिवारी रात्री मामा आला नाही. रविवारी पणजोबा मुंबईला गेले. गोदीचा भाग लष्कराने वेढलेला. खोलीवर गाववाले होते, त्यांनी सांगितले की शुक्रवारी सकाळी तो नेहमीसारखा गेला. पणजोबा तीन दिवस इस्पितळांतून हिंडले. ज्या मुकादमाच्या हाताखाली तो पोती वाही, त्याच्याजवळ रोजच्या गड्यांची नावे नव्हती, नुसता आकडा असे. किती गडी आले, किती पोती गेली. पणजोबा धोतराला धुराचा वास घेऊन परतले. तो वास पणजीने धुतला नाही, असे आजी सांगे. हे मात्र मी जसे ऐकले तसेच लिहितो आहे.

मृतांचा सरकारी आकडा आठशेच्या आसपास. काही जण तेराशेपर्यंत नेतात. मुंबईच्या अग्निशमन दलाचे सहासष्ट जवान गेले, त्यांचे स्मारक भायखळ्याला आहे, आणि त्यांच्यासाठी १४ एप्रिल देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो. ते योग्यच आहे. सोन्याच्या विटांचाही हिशेब नीट लागत गेला. गाळ उपसताना पुढे कितीतरी वर्षे, थेट २०११ सालापर्यंत, चुकलेली वीट सापडली की तिची नोंद होई. आठशे आणि तेराशे यांच्या मधला जो पाचशेचा घोळ आहे, त्यात आजीचा मामा कुठेतरी असावा, असे मी समजतो.

आमच्या औद्योगिक वसाहतीत एप्रिलात आग विझवण्याचे प्रात्यक्षिक होते. कधी शाळेतली पोरे पाहायला नेतो. पत्र्याच्या डब्यात कापसाचा बोळा पेटवतात, लाल नळकांड्यातून पांढरा धूर सोडतात, पोरे टाळ्या पिटतात. यंदा मी तो पैसा खिशात घालून गेलो होतो. एका पोराने विचारले, "सर, याचे काय येई?" मी म्हणालो, एकाचे काही येत नसे, चार लागत, तेव्हा आणा होई.

पणजी दर शनिवारी रात्री भात शिजवताना एक मूठ तांदूळ जास्त टाकी. रेशनचे दिवस होते, मूठभर तांदळासाठी घरात भांडण होईल असे. पण त्या मुठीबद्दल कुणी काही बोलले नाही. दोनतीन वर्षे हे चालले. मग आजीच्या थोरल्या भावाचे लग्न झाले आणि नवी सून चुलीपाशी बसू लागली. तिला कुणी काही सांगितले नव्हते. एका शनिवारी तिने सहज विचारले, "आत्याबाई, ह्यो भात कोनाचा?" पणजीने पातेले झाकले आणि ती गोठ्याकडे गेली. पुढच्या शनिवारपासून भात मोजूनच शिजला.