दस्तऐवजातील मजकूर झाकणे

दस्तऐवजातील मजकूर झाकणे म्हणजे एखादा कागद दुसऱ्यास देण्यापूर्वी त्यातील संवेदनशील वैयक्तिक माहिती वाचता येणार नाही अशा रीतीने काळी करणे किंवा काढून टाकणे होय. आधार क्रमांक, बँक खाते क्रमांक, निवासाचा पत्ता, स्वाक्षरी, वैद्यकीय तपशील इत्यादी मजकूर सामान्यतः झाकला जातो. फेरफार करण्याहून ही क्रिया वेगळी आहे. मूळ दस्तऐवज अबाधित राहतो आणि मजकूर वगळला असल्याचे वाचणाऱ्यास उघड दिसते.

पद्धत

हे काम मूळ कागदावर न करता छायाप्रतीवर केले जाते. केवळ काळ्या मार्करने रेघ ओढणे पुरेसे नसते. कागद प्रकाशासमोर धरल्यास किंवा तिरका केल्यास छपाईची शाई मार्करखालून अनेकदा ओळखू येते. म्हणून काळ्या केलेल्या प्रतीची पुन्हा छायाप्रत काढून तीच दिली जाते. याहून खात्रीचा उपाय म्हणजे प्रतीवरील तेवढा भाग कात्रीने कापून मग तिची छायाप्रत काढणे. खाडाखोडीचा पांढरा द्रव येथे उपयोगाचा नाही. तो खरवडता येतो, शिवाय मजकूर वगळल्याची खूणही लपवतो.

आधार पत्रावर १२ अंकी क्रमांक एकाहून अधिक ठिकाणी छापलेला असतो व त्यांपैकी एखादा झाकायचा राहून जातो. क्यूआर कोडचा तर सहसा विसरच पडतो. त्यात नाव, पत्ता व जन्मतारीख साठवलेली असते. ‘मास्क्ड आधार’मध्ये पहिले ८ अंक झाकलेले असून शेवटचे ४ दिसतात.

भारतातील कायदा

माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ मधील कलम १० नुसार, उघड करता न येणारा भाग वेगळा काढता येत असेल तर उर्वरित माहिती अर्जदारास द्यावी लागते. काही भाग वगळल्याचे, त्याची कारणे आणि निर्णय देणाऱ्या अधिकाऱ्याचे नाव व पदनाम जन माहिती अधिकाऱ्याने कळवायचे असते. थोडक्यात, एका ओळीसाठी संपूर्ण फाइल नाकारता येत नाही.

भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ नुसार बलात्कारपीडित व्यक्तीचे नाव किंवा तिची ओळख पटू शकेल असा कोणताही मजकूर प्रसिद्ध करणे, कायद्यातील अपवाद वगळता, गुन्हा आहे. अशा कागदात केवळ नाव काळे करून भागत नाही. लहान गावाचे नाव, शाळा व इयत्ता किंवा वडिलांचा व्यवसाय यांवरूनही परिसरातील लोक व्यक्ती ओळखू शकतात.