उसन्या वेगाची परतफेड : २०१८ चे पॅच आणि ध्वनिमुद्रणाचे संगणक

१/ सोलापुरी चादरीवरची नक्षी परंपरेने जॅकार्ड मागावर उतरते. पंच कार्डावरील छिद्रे सांगतील तेच धागे उचलायचे, हा त्या मागाचा नियम. पुढच्या कार्डाचा अंदाज तो बांधत नाही. संगणकाने मात्र हा संयम सोडला.

२/ इंटेलच्या १९९५ च्या पेंटियम प्रोपासून प्रोसेसर पुढील आज्ञांचा तर्क करून त्या आगाऊ पार पाडू लागले. तर्क चुकला, तर काम रद्द होई. पण त्याच्या खुणा कॅशेमध्ये उरत.

३/ ३ जानेवारी २०१८ रोजी ‘मेल्टडाउन’ आणि ‘स्पेक्टर’ हे दोष जगजाहीर झाले. या खुणांवरून संगणकातील गुपिते वाचता येत होती. वीस वर्षांहून अधिक काळ मिरवलेला वेग उसना ठरला.

४/ मेल्टडाउनवरील उपायाची कल्पना ऑस्ट्रियातील ग्राझच्या संशोधकांनी २०१७ मध्येच मांडली होती : कर्नलची स्मृती प्रोग्रॅमच्या दृष्टीआड ठेवायची. परिणामी कर्नलकडे जाण्यायेण्याची प्रत्येक खेप महागली.

५/ आता ध्वनिमुद्रणाचे गणित पाहा. सेकंदाला ४८,००० नमुने आणि ६४ नमुन्यांचा बफर घेतला, तर संगणकाला दर १.३३ मिलिसेकंदांनी काम पुरे करावे लागते. म्हणजे सेकंदाला ७५० वेळा. एक वेळ हुकली, तरी मुद्रणात ‘टक्’ असा आवाज उमटतो. बफर २५६ केल्यास मुदत ५.३३ मिलिसेकंद होते; पण गायकाला हेडफोनमध्ये स्वतःचाच सूर उशिरा ऐकू येतो.

६/ भुर्दंड सर्वांना सारखा नव्हता. ९ जानेवारीला मायक्रोसॉफ्टने सांगितले : नव्या प्रोसेसरवर विंडोज १० वापरणाऱ्या बहुतेकांना फरक जाणवणार नाही, जुन्या प्रोसेसरवर विंडोज ७ किंवा ८ चालवणाऱ्या बहुतेकांना जाणवेल. २२ जानेवारीला तर इंटेलनेच आपल्या दुरुस्तीचे वितरण थांबवायला सांगितले. संगणक अचानक रीस्टार्ट होत होते.

७/ जुन्या यंत्रावर चालणाऱ्या लहान स्टुडिओपुढे तीन वाटा उरल्या : बफर वाढवणे, नवा संगणक घेणे, किंवा मुद्रणाचे यंत्र इंटरनेटपासून तोडून पॅचविना ठेवणे. तिन्हींची किंमत त्यालाच मोजायची होती; दोष मात्र त्याचा नव्हता.

८/ म्हणून तंत्रज्ञानाचा इतिहास वाचताना ‘सरासरी इतके टक्के घट’ या आकड्यावर थांबू नये. संगीतात सरासरी ऐकू येत नाही. हुकलेला क्षण ऐकू येतो. तो कोणाच्या वाट्याला आला, हे शोधणे इतिहासाच्या विद्यार्थ्याचे काम आहे.