मारुती व्हॅनचे टॅपेट कव्हर पॅकिंग

सन १९८४ मध्ये 'मारुती व्हॅन' म्हणून रस्त्यावर आलेली आणि १९८८ पासून 'ओम्नी' या नावाने ओळखली जाणारी ही गाडी २०१९ मध्ये बनणे बंद झाले. तरीही तिचे जुने नमुने आजही दिसतात. या गाडीचे ७९६ सीसीचे तीन सिलिंडरचे इंजिन पुढील आसनांच्या खाली बसविलेले असते. त्यामुळे इंजिनातील लहानसा बिघाडही प्रथम नाकाला कळतो. करपलेल्या तेलाचा वास गाडीत येऊ लागला, की संशयाची पहिली सुई टॅपेट कव्हरच्या पॅकिंगकडे वळवावी.

इंजिनाच्या माथ्यावर कॅमशाफ्ट आणि रॉकर असतात. त्यांना झाकणारे कव्हर आणि खालचा हेड यांच्यामध्ये रबराचे पॅकिंग असते. वर्षानुवर्षे उष्णता सोसून हे रबर कडक होते, आक्रसते आणि तेल कडेने झिरपू लागते. हे तेल तापलेल्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर पडले तर धूर होतो, क्वचित आगही लागू शकते. गॅस किट बसविलेल्या किंवा शाळेची मुले नेणाऱ्या व्हॅनच्या बाबतीत तर याकडे काणाडोळा करणे अक्षम्यच. टायमिंग बेल्टपर्यंत पोहोचलेले तेल बेल्टचे आयुष्य घटविते, ते वेगळेच. शिवाय या इंजिनात तेल मावते तीन लिटरच्या आसपास. त्यातले थोडे गेले तरी डिपस्टिकवर फरक दिसतो.

वरून ओघळलेले तेल खाली ऑइल चेंबरपाशी जमा होते आणि गळती तेथूनच आहे असा समज होतो. चेंबर उतरविण्याचा खर्च करण्यापूर्वी इंजिन पुसून घ्यावे, थोडे चालवावे आणि ओल सर्वांत वर कोठे दिसते ते पाहावे.

काम इंजिन पूर्ण थंड असतानाच हाती घ्यावे. बॅटरीची ऋण तार सोडवावी. आसने उचलून एअर फिल्टरचा डबा, आड येणाऱ्या नळ्या व प्लगच्या तारा खुणा करून बाजूला कराव्यात. तारांचा क्रम चुकला तर इंजिन नीट चालणार नाही. गॅसच्या नळ्यांना मात्र घरी हात लावू नये. ते जाणकाराचे काम. कव्हर काढण्यापूर्वी भोवतालची धूळ पुसावी, नाही तर ती थेट कॅमशाफ्टवर पडते. कव्हर चिकटले असल्यास स्क्रू ड्रायव्हर खुपसून उचकटू नये. हेड अॅल्युमिनियमचा असल्याने त्यावर ओरखडा उमटतो आणि गळतीला कायमची वाट मिळते. लाकडी दांड्याने हलकेच ठोकले तरी पुरते.

जुन्या पॅकिंगचे अवशेष प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडून दोन्ही पृष्ठभाग कोरडे करावेत. पूर्वी कोणी बोल्ट अति आवळले असतील तर कव्हरची कड वाकलेली असते. ते काचेवर उपडे ठेवून पाहावे. वाकलेल्या कव्हरखाली कोणतेही नवे पॅकिंग टिकत नाही. कव्हर उघडेच आहे तर टॅपेटचे अंतर तपासून घेणे शहाणपणाचे.

नवे रबरी पॅकिंग कव्हरच्या खाचेत सर्वत्र नीट बसवावे. सिलिकॉन पेस्टचा जाड थर देण्याची गॅरेजमधील सवय घातक आहे. आत सुटलेले तुकडे चेंबरमधील जाळीत अडकून तेलाचा पुरवठा रोखू शकतात. बोल्ट मधून कडांकडे, थोडेथोडे, दोन-तीन फेऱ्यांत आवळावेत. ते बारीक असतात; हाताचा जोर लावला की आटे जातात, म्हणून सर्व्हिस पुस्तिकेत दिलेला टॉर्कच प्रमाण मानावा.

नवे पॅकिंग काही महिन्यांतच पुन्हा गळू लागले तर दोष बहुधा रबराचा नसतो. इंजिनातील वाफ बाहेर नेणारी ब्रीदरची नळी किंवा पीसीव्ही व्हॉल्व्ह तुंबला की आत दाब साठतो आणि तेल मिळेल त्या फटीतून बाहेर पडते. ती नळी याच वेळी स्वच्छ करावी. सर्व जोडून झाल्यावर तेलाची पातळी पाहावी, इंजिन दहा मिनिटे चालवावे आणि कव्हरच्या कडेने, विशेषतः मागच्या कोपऱ्यात, बोट फिरवून ओल आहे का ते तपासावे. मॅनिफोल्डवर आधी सांडलेले तेल जळेपर्यंत वास येतो. तो दोन-तीन दिवसांत थांबला नाही तर कव्हर पुन्हा उघडावे लागते.