संत मोनिकेच्या घरांतील दुसरी स्त्री

दरवर्षीं २७ ऑगस्टला आम्हीं व्यासपीठावरून मातांना संत मोनिकेचा दाखला देत आलों. गोष्ट खरीच आहे. आजच्या अल्जीरियांतील तागास्ते गांवीं सन ३५४ मध्यें जन्मलेल्या तिच्या पुत्रानें, अगस्टीननें, सन ३८७ च्या ईस्टरच्या रात्रीं मिलान येथें बिशप आंब्रोज यांच्या हस्तें बाप्तिस्मा घेतला; त्याच वर्षीं ओस्तिया बंदरीं तिनें देह ठेवला. तापट व बाहेरख्याली पतीही अखेरीस तिच्याच सहनशीलतेमुळें ख्रिस्ती झाला होता.

परंतु त्या घरांतील आणखी एक स्त्री आम्हीं प्रवचनांतून गाळीत आलों. अगस्टीनबरोबर ती तेराचौदा वर्षें राहिली. अदेओदातुस हा त्याचा पुत्र तिच्याच पोटचा. अगस्टीनचें लग्न दुसरीकडे ठरलें (यांत मोनिकेचाही पुढाकार होता!) आणि हिला आफ्रिकेस परत जावें लागलें. मुलगा बापापाशीं राहिला. पुन्हां कोणा पुरुषाची होणार नाहीं, असें व्रत घेऊन ती गेली. अगस्टीननें मात्र वधू वयांत येईपर्यंतची दोन वर्षेंही न थांबतां दुसरी बाई ठेवली. ‘कन्फेशन्स’ ग्रंथांत हें सारें त्यानें स्वतःच लिहिलें. तिचें नांव लिहिलें नाहीं.

सेमिनरींत हा ग्रंथ आम्हीं परीक्षेपुरता वाचला. पन्नाशी उलटल्यावर पुन्हां वाचतांना त्या पानावर थबकलों. नवऱ्यानें टाकलेल्या किती स्त्रिया आमच्या दारीं येऊन गेल्या, आणि आम्हीं त्यांस केवळ मोनिकेचा धीर सांगितला!

गेल्या ऑगस्टांत मिस्सेच्या वेळीं आम्हीं त्या मातेसाठींही प्रार्थना केली. मिस्सा आटोपल्यावर एक आजीबाई दारांत थांबून तिचें नांव विचारीत होत्या.